भिंतीतला माघ

वैशाखातली सकाळ होती. ऊन नुकतंच वर आलं होतं, तरी दगड पायाला चटके देऊ लागले होते. अशा वेळी एका यंत्राने सगुणाला अगदी गंभीर आवाजात सांगितलं, "इथे सध्या माघ महिना चालू आहे."

सगुणा बारवेच्या तिसऱ्या टप्प्यावर उभी होती. तिने मान वर करून बारवेच्या तोंडाशी लावलेल्या पाटीकडे पाहिलं. येताना तिने ती वाचली होती : 'आसरांची बारव. येथील यंत्र बिघडले आहे. त्यास तारीख विचारू नये.' आता विचारू नये म्हटलं की विचारावंसं वाटणारच. तिने वरच्या पायरीवर विचारलं तेव्हा यंत्र म्हणालं, वैशाख. ते बरोबर होतं. पहिल्या टप्प्यावर म्हणालं, चैत्र. दुसऱ्यावर फाल्गुन. आणि आता माघ. म्हणजे यंत्र चुकत होतं खरं, पण पायऱ्या उतराव्यात तसं शिस्तीत मागे मागे जात चुकत होतं. सगुणाला कोडं पडलं ते या शिस्तीचं. बिघडलेली वस्तू अशी ओळीने बिघडत नाही.

सगुणा बारा वर्षांची, नांदेडची. हे नाव तिच्या खापरपणजीचं. त्या काळात अशी जुनी नावं पुन्हा आवडू लागली होती आणि श्रेया, आर्या ही नावं आत्या-मावश्यांची झाली होती. सगुणाची आत्याही श्रेयाच. सुट्टीत सगुणा तिच्याकडे कवठवाडीला आली होती.

कवठवाडीच्या आसपास पाच जुन्या बारवा आहेत. बारव म्हणजे पायऱ्या उतरत थेट पाण्यापर्यंत जाता येईल अशी दगडी विहीर. या पाचही सात-आठशे वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटेला म्हणतात बारव-वाट. तिथे सोबत वाटाड्या नसतो. दगडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पावलांमागून आपलं आपण चालायचं, बारव आली की उतरायचं, आणि तिथल्या यंत्राला हवं ते विचारायचं. बहुतेक लोक पहिल्या दोन बारवा पाहतात, फोटो काढतात आणि रस घेऊन घरी जातात. शेवटची आसरांची बारव गावाला खेटून असूनही तिच्याकडे एरवी कुणी फिरकत नाही. तिथल्या यंत्राला गावातली पोरं भिंतकान्या म्हणायची. घंगाळाएवढं त्याचं अंग, खेकड्यासारखे आडवे चालणारे पाय. दिवसभर ते भिंतीला चिकटून दगडाला कान लावल्यासारखं बसायचं.

त्या दिवशी मात्र सगुणा हौसेने आली नव्हती. तिला घरातून पिटाळलं होतं.

आत्याचं चॉकी केंद्र होतं. चॉकी म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या रेशीमकिड्यांच्या चिमुकल्या अळ्या. पहिले काही दिवस त्यांना फार जपावं लागतं, म्हणून साऱ्या गावासाठी त्या आत्याच वाढवायची आणि जरा मोठ्या झाल्या की घरोघर वाटायची. आदल्या संध्याकाळी वावटळ आली आणि केंद्राच्या छपरावरच्या सौरपट्ट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या फळ्या) उडवून घेऊन गेली. खोली गार ठेवणारं यंत्र साठवलेल्या विजेवर कसंबसं चालू होतं. ती वीज दुपारपर्यंत पुरणार होती. दुरुस्तीची गाडी चार दिवसांनी येणार होती. आणि अळ्या कालच बाहेर आल्या होत्या.

"सत्तावीस अंश," आत्या सकाळपासून जपमाळ ओढावी तसं म्हणत होती. "सत्तावीसच्या आसपास ऱ्हायलं तर ऱ्हातील. पस्तिशीला गेलं की संपलं समदं." एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओलं गोणपाट. सगुणा काही मदत करू का, म्हणून चौथ्यांदा विचारायला गेली तेव्हा आत्या म्हणाली, "लेकरा, तू बारव बघून ये जा. पायात येऊ नको."

सगुणाला ते लागलं. आत्याचे डोळे लाल झालेले तिने पाहिले होते. सगळ्या गावाचा हंगाम त्या एका खोलीत होता, आणि आपण पायात येतो एवढाच आपला उपयोग, हे तिला सहन होत नव्हतं. त्या रागातच ती इथवर आली होती, आणि तो राग आता भिंतकान्यावर निघाला.

"तू खरंच बिघडलायस," ती म्हणाली.

"मी बिघडलो नाही. लोक प्रश्न अर्धा विचारतात," भिंतकान्या म्हणाला. त्याला कुणी भेटून बरेच महिने झाले असावेत, कारण त्याच्या बोलण्यात रुसवा होता. "तारीख काय, म्हणतात. कुणाची तारीख? तुमची की भिंतीची?"

"भिंतीला कान असतात, ते ऐकलंय. तारीख असते हे नवीनच."

"मग हात लावून पाहा."

सगुणाने टप्प्याला लागून असलेल्या ओवरीत (भिंतीत आत कोरलेल्या छोट्या खोलीत) जाऊन कोनाड्यावरच्या गोल गोल डागांशेजारी काळ्या दगडावर हात ठेवला. दगड गार होता. वर पायाला चटके देणारा दगड हाच, जातही तीच, पण इथे तो रांजणासारखा गार होता.

"या भिंतीत पुरुषभर आत माझ्या सळया रोवलेल्या आहेत," भिंतकान्या म्हणाला. "प्रत्येक टप्प्यावर एक. दगड किती तापलाय, किती निवलाय ते रोज ऐकायचं, हे माझं काम. आता सांग. वर ऊन पडलं की जमीन तापते. मग ती ऊब आत कशी शिरते?"

"अशीच. जाते आत."

"अशीच काही जात नाही. तू श्रमदानाला गेली आहेस का कधी? माणसं ओळीने उभी राहतात आणि मातीची घमेली हातोहात पुढे देतात. दगडाच्या कणांचं तसंच असतं. वरचा कण तापतो. तो आपली थोडी ऊब खालच्याला देतो, तो त्याच्या खालच्याला. माणूस जागचा हलत नाही, घमेलं मात्र पुढे जातं. याला म्हणतात उष्णतावहन (पदार्थ जागेवरच राहून त्यातून उष्णता पुढे सरकणं)."

"पण ओळीतून घमेलं पटकन जातं."

"तुमच्या ओळीतून जात असेल. दगडाला घाई माहीत नाही. वरचा उन्हाळा पहिल्या टप्प्याच्या खोलीपर्यंत पोचायला साधारण महिना लागतो. दुसऱ्यापर्यंत दोन. इथवर तीन."

सगुणाने बोटांवर मोजलं. वैशाख, चैत्र, फाल्गुन, माघ. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे आज वर जे ऊन आहे ते इथे अजून आलेलंच नाही?"

"ते वाटेत आहे. पहिल्या टप्प्याच्याही वर आहे."

"आणि इथे आत्ता पोचलीय ती माघातली थंडी."

"मी इतका वेळ दुसरं काय सांगतोय?" भिंतकान्या म्हणाला. "ऊब असो की थंडी, खाली उशिरा पोचते. या उशिराला विलंब म्हणतात. पायऱ्या उतरतेस तेव्हा तू खाली जातेस आणि मागेही जातेस."

सगुणाने पुन्हा भिंतीवर हात ठेवला. माघात ती नांदेडला होती, चाचणी परीक्षेचे गुण पाहून आईने तोंड फिरवलं होतं, सकाळी दात वाजत होते. ती थंडी गेली असं सगळे समजत होते. ती कुठे गेली नव्हती, जमिनीत उतरत होती. सगुणाच्या अंगावर शहारा आला आणि तो काही नुसत्या गारव्याचा नव्हता.

"पण माघात इतकी थंडी होती की पाण्यात हात घालवत नव्हता," ती म्हणाली. "हा दगड तेवढा गार नाही."

"शाबास. घमेलं हातोहात देताना माती सांडते की नाही? शंभराव्या माणसाकडे ते उशिरा पोचतं आणि अर्धंमुर्धं पोचतं. माघाची थंडीही वाटेत विरते, तसंच वैशाखाची आगही. जेवढं खोल जावं तेवढे उन्हाळा-हिवाळा एकमेकांत मिसळतात आणि शेवटी उरते ती वर्षाची सरासरी (सगळं एकत्र करून सारखे वाटे घातले की प्रत्येकाच्या वाट्याला येतं ते). चंद्रावरच्या वस्त्याही जमिनीखाली खणल्या आहेत त्या याच कारणाने. वर दिवसा जाळ, रात्री बर्फाहून गार, आत मात्र सदा एकसारखं. इथे वर्षाची सरासरी आणि त्यात चिमूटभर माघ. शिवाय गार हवा जड असते, ती खाली येऊन बसते आणि हलत नाही. वर आत्ताच पस्तीस अंश झालेत. या ओवरीत सत्तावीसला थोडे कमी आहेत."

सगुणाचा हात भिंतीवरच राहिला.

"किती?"

"सत्तावीसला थोडे कमी. ऐकू कमी येतं का?"

आणि दुपारी किती होईल, या प्रश्नाला भिंतकान्याने सांगितलं की दुपारीही तेवढंच, उद्याही तेवढंच, आठवड्यानेही जवळजवळ तेवढंच. सगुणाने पुढचं ऐकलं नाही. ती पायऱ्या चढत सुटली. माघ, फाल्गुन, चैत्र असं एका दमात मागे टाकून ती वैशाखात आली तेव्हा उन्हाने तिच्या तोंडावर चपराक मारली.

आत्या तालुक्याला बर्फाच्या गाडीसाठी फोन लावत होती. सगुणाने धापा टाकत सगळं सांगितलं. आत्याने फोन खाली घेतला.

"त्या यंत्राच्या भरवशावर अळ्या न्यायच्या? अगं, ते वैशाखात माघ सांगतंय. पाटी मीच लावलीया तिथं. या वाटेची देखरेख माझ्याकडंच हाय."

"ते आपली तारीख सांगत नाही आत्या, भिंतीची सांगतं."

"भिंतीची," आत्या म्हणाली, आणि तिने पुन्हा फोन कानाला लावला.

घमेल्यांची ओळ आणि उष्णतावहन हे सगळं आत्ता सांगत बसलं तर दुपार होईल. काहीतरी आत्याचं स्वतःचं, तिच्या घरातलं सांगायला हवं होतं. आणि मग तिला ओवरीतल्या कोनाड्यावरची गोल गोल डागांची नक्षी आठवली. गाडगी ठेवून ठेवून पडलेले डाग होते ते. त्या गाडग्यांतलं दही तिने संक्रांतीला खाल्लं होतं.

"आत्या, पौषात आसरांचं दही कुठे लावता?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. पौषाच्या थंडीत घरात दूध विरजलं तरी दही लागत नाही, तेव्हा कवठवाडीच्या बायका विरजण लावलेलं गाडगं आसरांच्या ओवरीत नेऊन ठेवत. सकाळी दही घट्ट. पहिला चमचा आसरांना, मग घरात. कितीतरी पिढ्या हे चाललं होतं.

"ओवरीत. म्हाईत नाही का तुला? आसरा लावतात ते दही."

"पण दही लागायला ऊब लागते ना? पौषात आसरांना ऊब कुठून मिळते?"

आत्याने फोन कानापासून दूर धरला.

"पौषाच्या मागे तीन महिने मोज," सगुणा म्हणाली. "आश्विन. आश्विनात कसलं ऊन असतं तूच म्हणतेस, डोकं फुटायची वेळ येते. ते ऊन दगडातून उतरत उतरत पौषात ओवरीशी येतं. बाहेर थंडी आणि भिंतीत आश्विन. म्हणून दही लागतं. आणि आत्ता बाहेर वैशाख आणि भिंतीत माघ. तेच गणित, उलटं."

आत्याने पदराने तोंड पुसलं. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. तिने तो बंद केला, भिंतीवरचा तापमापक काढून हातात घेतला आणि चपला न घालताच निघाली. ओवरीत तापमापक ठेवून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. भिंतकान्या काहीतरी बोलायला गेला तेव्हा सगुणाने त्याला गप्प राहायची खूण केली.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," शेवटी आत्या म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "सकाळपासून बर्फ बर्फ करत मी अख्खा तालुका पालथा घातला."

मग मात्र तिने वेळ घालवला नाही. अर्ध्या तासात गावातल्या बाया केंद्रासमोर जमल्या. आत्याने ओवरी झाडून घेतली, उंबऱ्यावर चुन्याची पट्टी ओढली, जाळीचा पडदा लावला. अळ्यांच्या खोलीचे नियम तिथेही तेच : पाय धुवायचे, अत्तर लावायचं नाही, तंबाखू खाल्लेल्याने जवळ यायचं नाही. सगुणाला वाटलं, आणखी खाली, पाण्याजवळ नेलं तर जास्त बरं. तिने तसं म्हटलंही.

"नको," आत्या म्हणाली. "पाण्याजवळ तुतीचं पान ओलं होतं. ओलं पान खाल्लं की अळीला रोग. गार पाहिजे, पर पान कोरडं पाहिजे. हितंच बरं."

ट्रे न्यायचे कसे, हा प्रश्न होता. पायऱ्या अरुंद, दगड गुळगुळीत, आणि ट्रेमधल्या अळ्या केसाएवढ्या. बाया आपोआप ओळीने उभ्या राहिल्या, केंद्राच्या दारापासून बारवेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, आणि ट्रे हातोहात उतरू लागले. ओळीच्या शेवटी, माघात, सगुणा उभी होती. पहिला ट्रे तिच्या हातात आला तेव्हा तिने श्वास रोखला. घमेल्यांची ओळ तिला आठवली. इथे मात्र हातांमधून काही सांडत नव्हतं.

सगळे ट्रे लागल्यावर आत्याने कोनाड्यापाशी हात जोडले. "आयांनो, दह्यासारखंच समजा," ती म्हणाली. "लेकरं आणलीत. सांभाळा."

केंद्रातली वीज भर दुपारी संपली. संध्याकाळपर्यंत ती खोली इतकी तापली की दाराची कडी हाताला सोसवेना. ओवरीत सत्तावीसला थोडे कमी.

पुढचे दिवस सगुणाचा मुक्काम बारवेतच होता असं म्हणायला हरकत नाही. आत्या तुतीची पानं बारीक चिरून आणायची आणि सगुणा ती ट्रेमध्ये हलक्या हाताने पसरायची. भिंतकान्याला आता श्रोता मिळाला होता, त्यामुळे तो अखंड बोलायचा. मग एका दुपारी सगुणा पानं घालायला गेली तेव्हा सकाळची पानं तशीच पडून होती. अळ्या खात नव्हत्या. एकही हलत नव्हती. साऱ्यांनी माना वर केल्या होत्या आणि तशाच त्या ताठ झाल्या होत्या.

"तापमान?" तिने विचारलं.

"तेवढंच," भिंतकान्या म्हणाला. "पण अळ्यांचं मला काही कळत नाही. मला फक्त भिंतीचं कळतं."

ती रडतच वर धावली. माझ्यामुळे मेल्या, मीच इथे आणायला लावल्या, एवढंच तिला बोलता येत होतं. आत्या तिच्या मागून उतरली, ट्रेवर वाकली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"मेल्या न्हाईत गं येडे. झोपल्यात. कात टाकायच्या आधी अशाच मान वर करून झोपतात. उद्या उठतील, जुनी कातडी टाकतील आन् आपलं सारं पान फस्त करतील." मग तिने सगुणाला जवळ ओढून घेतलं. "वेळेवर झोपल्यात बघ. घरच्यापेक्षा वेळेवर. तू नसतीस तर ही झोप बघायला मिळाली नसती मला."

दुसऱ्या दिवशी अळ्या उठल्या. ओवरीत कान देऊन ऐकलं तर पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. भिंतकान्याने तो ऐकून घेतला आणि बराच वेळ काहीही माहिती दिली नाही.

दुरुस्तीची गाडी आली, पट्ट्या बसल्या, ट्रे हातोहात परत वर गेले. सगुणाचा नांदेडला जायचा दिवस आला तेव्हा ती निरोप घ्यायला बारवेत उतरली. वर ऊन नुसतं भाजत होतं.

"आजचं हे ऊन इथे कधी येईल?" तिने विचारलं.

"या टप्प्यावर श्रावणात. अगदी खालच्या टप्प्यावर कार्तिकात. पण तेव्हा तो टप्पा पाण्याखाली असेल."

"मग तुला कसं कळणार?"

"सळई भिंतीत आहे. मी ऐकून सांगीन. फार थोडं उरलेलं असेल हं. तुझ्या हाताला कळणारही नाही इतकं."

"दिवाळीच्या सुट्टीत येते मी," सगुणा म्हणाली. "त्याला भेटायला."

ती वर आली तेव्हा आत्या बारवेच्या तोंडाशी रंगाचा डबा घेऊन बसली होती. पाटीवरच्या जुन्या ओळी तिने पुसून टाकल्या होत्या. नवीन अक्षरं अजून ओली होती आणि उन्हात चमकत होती.

'आसरांची बारव. येथील यंत्रास तारीख जरूर विचारावी. आधी आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते पाहावे.'